करवानी: दख्खनच्या माळाने घडवलेला शिकारी

करवानी कुत्रा पहिल्यांदा पाहणारा शहरी माणूस हमखास विचारतो, ‘याला खायला घालत नाहीत का?’ बरगड्या लांबूनही मोजता येतात, पाठीचे मणके हाताला लागतात, छाती खोल आणि पोट मात्र कमरेकडे इतके आत गेलेले की तिथे काही उरलेच नाही असे वाटावे. मालक हसतो. त्याच्या लेखी हाडे झाकली गेलेला करवानी म्हणजे बिघडलेला करवानी. लातूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोट या पट्ट्यात शिकारी कुत्रा म्हटले की हाच डोळ्यांपुढे येतो. लांब निमुळते तोंड, दुमडून खाली पडणारे कान, उंच पाय आणि अनोळखी माणसाने हात पुढे केला की मान वळवून बाजूला होण्याची सवय.

या कुत्र्याविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. त्यातला मोठा भाग वंशाभिमानाचा असतो: तो थेट अरबस्तानातून आला, अमुक राजाने घडवला, तमुक फौजेत लढला. हे सगळे बाजूला ठेवून पाहिले तर वेगळे चित्र दिसते. हा कुत्रा राजवाड्यात जन्मलेला नाही. कोरडे सपाट रान, त्या रानातला ससा आणि ज्यांच्या घरी त्या सशाने एक वेळची चूल पेटत असे ती माणसे, या तिघांनी मिळून तो घडवला. आज या तिन्ही गोष्टी एक तर गेल्या आहेत किंवा बदलल्या आहेत. म्हणून त्याच्या उगमाचा प्रश्न इतिहासापुरता राहत नाही. तो कशाने घडला हे ठरले, तरच तो कशाने टिकेल हे ठरवता येते.

आधी नावांचा गुंता. तुळतुळीत, आखूड केसांच्या कुत्र्याला लोक करवानी म्हणतात. कान, पाय आणि शेपटीवर रेशमी लांब केस असले की तो पश्मी. एकाच भागात आणि कित्येकदा एकाच गोतावळ्यात ही दोन्ही रूपे आढळतात. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरात हा कुत्रा ‘कारवान हाउंड’ आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब त्यालाच ‘मुधोळ हाउंड’ म्हणतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने देशी कुत्र्यांच्या जातींची नोंदणी सुरू केली, तेव्हा पहिल्या तिघांत तमिळनाडूचे राजपालयम आणि चिप्पीपारै यांच्या सोबत मुधोळ हाउंड आला, आणि त्याचे मूळ राज्य म्हणून कर्नाटकाचे नाव लागले. टपाल खात्याने २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांतही तो होता. नोंद झाली हे चांगलेच. पण एका गावाचे नाव चिकटले की बाकीच्या मुलखातली कुत्री आपोआप दुय्यम ठरतात. लातूर जिल्ह्यातल्या जानवळसारख्या गावात जी करवानी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, तिचा मुधोळच्या राजवाड्याशी काय संबंध? काहीच नाही. मधली सीमारेषाही अगदी ताजी आहे. मुधोळ हे दक्षिण महाराष्ट्रातल्या मराठा संस्थानांपैकी एक. १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५६ च्या भाषावार फेररचनेत म्हैसूर राज्यात गेले. कुत्र्यांना हे कोणी कळवले नाही.

आता उगम. सर्वांत रुळलेले मत असे की हा कुत्रा पश्चिम आणि मध्य आशियातून आला. अरबांचा सलुकी, अफगाण-तुर्कमेन मुलखातला ताझी आणि आपला पश्मी शेजारी उभे केले तर हे मत खोडून काढणे अवघड वाटते, इतके तिघे सारखे. इतिहासाची साथही आहे. १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली आणि पुढची काही शतके दख्खनला घोडे लागत राहिले. चांगला घोडा इथल्या हवेत निपजत नसे. तो अरबस्तान आणि इराणकडून जहाजाने चौल, दाभोळ, गोवा या बंदरांवर उतरे आणि घाट चढून वर येई. घोड्यांबरोबर व्यापारी, शिपाई, उमराव आले. बहमनी दरबारात या परदेशी उमरावांचा ‘आफाकी’ नावाचा गटच होता आणि दख्खनी उमरावांशी त्यांचे हाडवैर होते. बीदरचा प्रसिद्ध वजीर महमूद गावान हा मुळात इराणातल्या गिलानचा, व्यापारी म्हणून दाभोळला उतरलेला. ज्या समाजात शिकार हा दरबारी जीवनाचा भाग आहे, तिथला माणूस घोडा आणतो, बाज आणतो, तसा कुत्राही आणतो, हे मानायला काही अडचण नाही. काफिल्यांबरोबर आलेला म्हणून कारवान, ही नावाची उपपत्तीही यातूनच आली.

मात्र ‘काही कुत्री बाहेरून आली’ आणि ‘हा कुत्रा बाहेरून आला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले जवळपास खात्रीने खरे. दुसरे मानायचे तर आधी इथे शिकारी कुत्री नव्हती असे धरावे लागते, आणि तसे धरता येत नाही.

१९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला काशाच्या चार जड मूर्ती सापडल्या. त्यातल्या बैलजोडीच्या रथावर एक माणूस उभा आहे आणि त्याच्या पुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा. या मूर्तींच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्या कुत्र्यावरून जात ठरवणे हास्यास्पद होईल. पण माणसाबरोबर निघालेला कुत्रा इथे किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

याहून बोलका पुरावा कर्नाटकातला आहे. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा वीरगळ. इसवी सन ९४९ मध्ये तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा आणि त्याचा मांडलिक गंग राजा बूतुग यांनी चोळांना हरवले. त्या लढाईत बूतुगाच्या मणलेर नावाच्या वीराने पराक्रम गाजवला. राजा म्हणाला, काय हवे ते माग. मणलेराने राजाची ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे एका टेकडीपाशी या काळीला मोठ्या रानडुकरावर सोडले. डुक्कर मेले, काळीही मेली. मणलेराने तिच्यासाठी दगड उभारला, तिच्या नावे जमीन लावून दिली, आणि दगडावर एकमेकांना भिडलेले कुत्रे आणि डुक्कर कोरवले. तो दगड आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. लढाईत नाव कमावलेला माणूस सोने-नाणे सोडून कुत्री मागतो, यावरून त्या समाजात शिकारी कुत्र्याची किंमत काय होती ते समजते. बहमनी सत्ता तेव्हा चारशे वर्षे दूर होती.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या करमणुकींची त्यात सविस्तर वर्णने आहेत आणि त्यांत ‘सारमेयविनोद’ म्हणजे कुत्र्यांकडून शिकार करवण्याचा खेळ हे स्वतंत्र प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून. करवानीचा मुलूख तो हाच.

सारांश, इथे शिकारी कुत्री होती आणि बाहेरूनही आली. दोहोंचे मिश्रण झाले असणार आणि त्या मिश्रणातून काय टिकवायचे ते रानाने ठरवले. याला आडून दुजोरा देणारी एक गोष्ट जनुकशास्त्रातून पुढे आली आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ह्युमन जीनोम रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १६१ जातींच्या कुत्र्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. लांब पायांची, नजरेने शिकार करणारी सगळी कुत्री एकाच मूळपुरुषाची असावीत, अशी जुनी समजूत होती. तुलनेत ग्रेहाउंड, व्हिपेट यांसारखी ब्रिटिश कुत्री एका गटात पडली आणि सलुकी, अफगाण हाउंड दुसऱ्याच. म्हणजे ही शरीराची ठेवण किमान दोनदा स्वतंत्रपणे घडली. मग तमिळनाडूच्या दक्षिण टोकाच्या कोरड्या रानातला चिप्पीपारै करवानीचा सख्खा भाऊ शोभावा इतका सारखा का, याचे उत्तर नात्यात शोधण्याआधी जमिनीत शोधलेले बरे. मोकळे रान, पळणारे भक्ष्य आणि गरीब मालक असला की कुत्र्याचे शरीर एकाच दिशेने जाते.

मुधोळच्या घोरपडे घराण्याचे श्रेय यात नेमके किती? राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कुत्र्यांकडे लक्ष दिले, निवडक नर-माद्या गोळा करून पैदास केली, आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली, असे सांगितले जाते. ही कथा इतक्या ठिकाणी, इतक्या वेगवेगळ्या तपशिलांनी छापून आली आहे की ती जपूनच उद्धृत करावी. मात्र ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगापुढे गेले ते याच घराण्यामुळे, यात शंका नाही. याच कथेचा एक भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. राजाने ही कुत्री पाहिली ती परिसरातल्या बेडर लोकांकडे. बेडर म्हणजे आपल्याकडचे बेरड-रामोशी ज्यांचे भाऊबंद, ते शिकारी आणि लढवय्ये लोक. मुधोळ संस्थानातल्या हलगली गावच्या बेडरांनी १८५७ मध्ये इंग्रजांच्या शस्त्रबंदीविरुद्ध बंड केले होते आणि ते क्रूरपणे चिरडले गेले. ज्यांच्या हातातली बंदूक, भाला, तलवार काढून घेतली त्यांच्याकडे शिकारीसाठी उरते काय? कुत्रा आणि काठी. हा माझा तर्क आहे, कागदोपत्री पुरावा नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कुत्र्यांचे मोल शिकारी जमातींत वाढले असेल, तर नवल नाही. राजाने तयार हिरा उचलला. तो खाणीतून काढणारे आधीच होते.

शिवछत्रपतींच्या फौजेत मुधोळ हाउंड होते, हे विधानही समाजमाध्यमांवर सतत फिरते. त्याला समकालीन आधार मी कुठे वाचलेला नाही आणि मांडणारेही तो देत नाहीत. रायगडावरच्या वाघ्या नावाच्या कुत्र्याच्या पुतळ्याचा वाद तर आणखी वेगळा. त्यात या जातीला ओढू नये एवढेच म्हणतो.

आता प्रत्यक्ष कुत्रा. शिकारी कुत्र्यांचे ढोबळ दोन प्रकार. एक जमिनीला नाक लावून मागावर जाणारे, दुसरे डोळ्यांनी भक्ष्य हेरून ते नजरेआड होण्याआधी गाठणारे. करवानी दुसऱ्या प्रकारातला. नराची खांद्यापाशी उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची चारेक सेंटिमीटरने कमी. वजन मात्र या उंचीच्या इतर जातींच्या मानाने पुष्कळच कमी. रंग कुठलाही चालतो: तांबूस, मळकट पांढरा, राखी, काळा, ठिपक्यांचा. गावातला जाणता माणूस रंगाकडे शेवटी पाहतो. तो आधी छातीची खोली, मग मागच्या मांड्या आणि मग पंजा पाहतो. पंजा लांबट, बोटे घट्ट मिटलेली, तळवा जाड हवा. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांत आणि मुरमाड माळावर मऊ पंजाचा कुत्रा दोन धावांत लंगडा होतो.

धावण्याची रीत पाहण्यासारखी असते. घोडा भरधाव धावताना प्रत्येक ढांगेत एकदाच चारही पाय जमिनीपासून सुटतात. हा कुत्रा दर ढांगेत दोनदा हवेत असतो. एकदा अंग आखडून पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, आणि एकदा पूर्ण ताणून. पाठ धनुष्यासारखी वाकते आणि सुटते, आणि वेगाचा मोठा भाग त्या पाठीतून येतो. म्हणून जड कुत्रा इथे कामाचा नाही. चित्त्याची धाव हीच. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळवीट मारवण्याचा षौक होता, त्यासाठी पुढे आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. दख्खनच्या पठारावर राजा चित्ता सोडत होता आणि बेरड करवानी सोडत होता. खेळ तोच, ऐपत वेगळी.

डोळ्यांचेही तसेच. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या नेत्रपटलात गँग्लियन चेतापेशींची दाटी आडव्या पट्ट्यात असते, आखूड नाकाच्या कुत्र्यांत ती मध्यभागी गोळा होते, असे सिडनीच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. क्षितिजाच्या रेषेवर डावी-उजवीकडे हललेले काहीही या कुत्र्याला चटकन टिपता येते, त्याचे कारण यात आहे.

सशाची शिकार कशी चाले, ते जुन्या माणसांकडून ऐकलेले असे. सुगी आटोपून रान मोकळे झाले की माणसे शेतात ओळ धरून चालत. आपला काळ्या मानेचा ससा बीळ करत नाही. ढेकळाआड किंवा गवताच्या झुपक्यात अंग चोरून बसतो आणि पाय अगदी जवळ आल्याशिवाय उठत नाही. कुत्री दोरीच्या फासात धरलेली. ससा उठला की दोरीचे एक टोक सोडायचे, फास आपोआप निसटतो. पहिल्या शे-दोनशे पावलांत कुत्रा अंतर तोडतो, आणि तिथून खरी गंमत सुरू होते. अगदी दात लागणार अशा क्षणी ससा काटकोनात वळतो. कुत्रा स्वतःच्या वेगाने पुढे फेकला जातो, शेपूट उलट्या बाजूला झोकून अंग सावरतो आणि पुन्हा मागे लागतो. अशी सात-आठ वळणे होतात. कसलेली जोडी असेल तर एक कुत्रा सशाच्या मागे राहतो आणि दुसरा वळण हेरून आडवा येतो. हे त्यांना कोणी शिकवत नाही, बरोबर धावून धावून येते. ससा घायपाताच्या कुंपणात किंवा निवडुंगात शिरला की खेळ संपला, कारण करवानीची कातडी पातळ आणि त्याला ते ठाऊक. इंग्रजी ग्रेहाउंड थोड्या अंतरात करवानीला मागे टाकेल. पण ढेकळांच्या रानात, उन्हात, दिवसातून चार वेळा धावायचे असेल तर पारडे इकडे झुकते.

स्वभावही याच कामातून आलेला. मालकापासून तीनशे पावले पुढे गेलेला कुत्रा हुकमाची वाट पाहत बसला तर उपाशी राहील. तिथे निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. म्हणूनच करवानी अल्सेशियनसारखा शब्द झेलत नाही. पुष्कळ लोक त्याला मठ्ठ ठरवतात ते यामुळे. घरच्या माणसांशी तो हळवा असतो, परक्याचा स्पर्श त्याला खपत नाही, उगाच भुंकत नाही, दिवसभर पडून राहतो. समोरून मांजर पळाले तर मात्र सगळे शिक्षण विसरतो.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू ससा, काळवीट, खोकड, लांडगा या सगळ्यांची शिकार गुन्हा ठरली. हे योग्यच झाले. माळराने ऊस आणि प्लॉटिंगखाली जाताहेत, उरलेल्या माळांवर सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या ठिकाणी वन्यजीव कसेबसे तग धरून आहेत. तिथल्या अभ्यासात असे दिसले की खोकडे कुत्र्यांचा वावर असलेली जागाच टाळतात, कुत्र्यांनी त्यांना मारले नाही तरी. परंपरेच्या नावाखाली पुन्हा शिकार सुरू करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण कायद्याने एका प्राण्याला वाचवताना दुसऱ्याचे काम संपवले, ही गोष्टही खरी आहे. आणि काम संपलेल्या जातीचे दोनच शेवट होतात: ती प्रदर्शनाची वस्तू बनते किंवा दुसऱ्या कामाला जुंपली जाते. करवानीच्या बाबतीत सध्या दोन्ही चालू आहे.

सांगली, सातारा, कोल्हापूरकडच्या जत्रांत कुत्र्यांच्या शर्यती होतात. इथे फक्त वेगाला किंमत. त्यामुळे बाहेरच्या ग्रेहाउंडचे रक्त सर्रास मिसळले जाते. पहिल्या पिढीचे पिल्लू वेगवान निघते, बक्षीस आणते, त्याची मागणी वाढते, आणि तालुक्यात शुद्ध करवानी नर शोधावा लागतो. काही ठिकाणी जिवंत ससा सोडण्याचे प्रकार होतात. तो वन्यजीव कायद्याचा आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचाही भंग आहे. नवाबी काळात रामपूर हाउंड नेमका असाच घडला, ताझी आणि ग्रेहाउंडच्या संकरातून. फरक इतकाच की तिथे संकर ठरवून, एका उद्देशाने झाला. इथे जत्रेच्या तारखेप्रमाणे होतो.

दुसरीकडे सरकारी नोकरी. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने मुधोळजवळ तिम्मापूरला श्वान संशोधन आणि माहिती केंद्र उभारले, तिथून पिल्ले दिली जाऊ लागली. सैन्याच्या रिमाउंट आणि पशुवैद्यकीय दलाने मेरठला त्यांतली काही पिल्ले चाचणीसाठी नेली. २०२१ मध्ये हवाई दलाने धावपट्टीवरचे पक्षी हुसकावण्यासाठी ती घेतली. हे काम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते, कारण त्यात कुत्र्याला जन्मजात येते तेच करायचे आहे. ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींचा उल्लेख केला, पिल्लांना एकदम गिऱ्हाईक आले. आणि २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात, लखनौला, सीमा सुरक्षा दलाची ‘रिया’ ही मुधोळ कुत्री मागोवा घेण्याच्या प्रकारात पहिली आली आणि साऱ्या मेळाव्यातली सर्वोत्तमही ठरली. माग काढणे हे नाकाचे काम. नजरेचा शिकारी म्हणजे नाकाने अधू, ही समजूत तिने चांगलीच खोटी पाडली. तरी एका रियावरून सगळी जात पोलिसी कामाची आहे असा निष्कर्ष काढू नये. पोलिसी कामासाठी निवड सुरू झाली की पैदास आपोआप आज्ञाधारकपणाकडे वळते, अंग भरत जाते, आणि दहा पिढ्यांनी नाव मुधोळचे राहून कुत्रा वेगळाच निपजतो.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये करवानी आणणाऱ्यांची संख्या वाढते आहे, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी. रोज मोकळे धावायला मिळाले नाही तर हा कुत्रा घर फाडतो, आणि कुंपण पाच फुटांपेक्षा कमी असेल तर राहतच नाही. बाहेर पट्टा सोडायचा नाही, रस्त्यावर वाहन असो वा नसो. खायला घालताना हाडे दिसतात म्हणून कीव करायची नाही. भाकरी, दूध, अंडे, थोडे मांस यावर तो पिढ्यान्‌पिढ्या निभला आहे. खोल छातीच्या कुत्र्यांना पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून जेवणानंतर लगेच पळवू नये. सर्वांत महत्त्वाची काळजी दवाखान्यात घ्यायची. ग्रेहाउंडवरच्या अभ्यासांतून कळले आहे की या ठेवणीच्या कुत्र्यांत चरबी नाममात्र असते आणि यकृत काही औषधे फार हळू मोडते. थायोपेंटोनसारखी भूल दिली तर कुत्रा तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त आणि थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण कमी असणे हेच स्वाभाविक असते. सर्वसाधारण तक्त्याशी ताडून पाहणारा डॉक्टर त्यांना उगाच थायरॉइडच्या गोळ्या सुरू करतो.

राहिला जातीच्या नोंदवहीचा प्रश्न, आणि सध्याच्या घडीला तोच सर्वांत कळीचा. दोन क्लबांची दोन नावे, ब्युरोची नोंद एका राज्याच्या खात्यावर, एक सरकारी पैदास केंद्र आणि बाकी सगळे गावोगावच्या लोकांच्या हातात. मेजर डब्ल्यू. व्ही. सोमण यांनी १९६३ मध्ये भारतीय कुत्र्यांवर इंग्रजी पुस्तक लिहिले, थिओडोर भास्करन यांचे २०१७ मध्ये आले. मधल्या अर्धशतकात जेवढे जपले ते गावकऱ्यांनी, कुठल्याही कागदाशिवाय. आता नोंदवही बंद करून, ठरावीक कुटुंबांतल्या कुत्र्यांनाच शुद्ध म्हणायचे ठरवले तर थोड्याच पिढ्यांत आपसातल्या पैदाशीचे रोग डोके वर काढतील. आफ्रिकेतल्या बसेंजीचे तसेच झाले. पाश्चात्त्य देशांत मोजक्या कुत्र्यांपासून वाढवलेल्या या जातीत मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार इतका पसरला की १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबला बंद नोंदवही उघडावी लागली आणि काँगोच्या खेड्यांतून नवी कुत्री आणून तिच्यात घालावी लागली. सलुकीच्या बाबतीतही वाळवंटात जन्मलेल्या कुत्र्यांच्या वंशाला तीन पिढ्यांच्या नोंदीनंतर प्रवेश देण्याची वाट तिथे ठेवलेली आहे.

आपल्याकडे ती खेडी अजून हाताशी आहेत. जानवळची करवानी, जतच्या बाजूची पश्मी आणि मुधोळचा हाउंड यांची जनुकीय तुलना करणे, ग्रेहाउंडचा संकर ओळखता येईल अशी चाचणी उपलब्ध करून देणे आणि गावातल्या कुत्र्याला तपासणीअंती नोंदवहीत येऊ देणे ही कामे परभणी, उदगीर आणि बीदरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या आवाक्यातली आहेत. सोबत धावण्याची परीक्षा हवीच. जमिनीलगत ताणलेल्या दोरीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती मोटरने वेड्यावाकड्या वळणांनी ओढली की ही कुत्री जिवंत सशामागे धावावीत तशी जीव तोडून धावतात. परदेशांत तो नोंदणीकृत खेळ आहे. त्यात वळण घेणे, दमसास, पंजाचा टणकपणा सगळे कळते आणि कुणाचा जीव जात नाही. जत्रा कमिट्यांना शर्यतीऐवजी हे करायला लावणे सोपे नाही, कारण शर्यतीवर पैज लागते आणि पिशवीवर अजून लागत नाही.